बाराची घंटा

बारा वाजले की माझे हात थांबतात. हातात खुरपं असो, कळशी असो, नाहीतर कानाला फोन असो. बांधापलीकडून पुतण्या हमखास ओरडतो, "अण्णा, वाजले का बारा तुमचे?" आणि आवणीची माणसं कमरेतून न उठताच हसतात. मराठीत बारा वाजणं हे काही बरं लक्षण नाही. धंद्याचे वाजतात, घराचे वाजतात, माणसाचे वाजतात आणि एकदा वाजले की सहसा सावरत नाहीत. माझे रोज वाजतात, मिनिटभर टिकतात, मग मी पुन्हा चिखलात हात घालतो.

आमचं घर मुळशी धरणाच्या पाण्याकाठी. इथं बाराची घंटा कुठली? भैरवनाथाच्या देवळात एक आहे, पण ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मर्जीवर. पौडच्या रस्त्याला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसा धावतात, सकाळी पोरं उचलतात, उतरत्या उन्हात आणून सोडतात. त्यांच्या शाळांत घंटा वाजते की नुसती बटणावरची किर्रर्र, मला ठाऊक नाही. मला ऐकू येते ती लोअर परळच्या एका बोळातली, १९७१ ते १९७५ या चार वर्षांतली. चर्चच्या आवारातल्या प्राथमिक शाळेत, मराठी माध्यमाच्या तुकडीत मी पहिली ते चौथी शिकलो.

मुळशीचं पोर तिथं कसं पोचलं, हे सांगायचं तर धरणापासूनच सुरुवात करावी लागते. टाटांच्या कंपनीनं नीला आणि मुळेच्या संगमाशी बांध घालायला घेतला तेव्हा १९२१ च्या रामनवमीला इथले मावळे आडवे झाले. पांडुरंग महादेव बापटांचे 'सेनापती बापट' झाले ते याच लढ्यात. तीन वर्षं रेटलेला तो सत्याग्रह हरला. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात, भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. आमच्या आजीच्या माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची खाचरं त्यात गेली. उरलं ते वरकस. वरकसावर नाचणी होते, वरई होते, पोट होत नाही. मग आजोबा विजेच्या मागोमाग मुंबईला गेले, असं आप्पा सांगायचे. मी शाळेत पहिल्यांदा बटण दाबून दिवा लावला त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "आपल्या खाचराचा उजेड कसा वाटला?"

मुंबईत मुळशीच्या माणसाचा धंदा ठरलेला. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचा मोकळ्या हाताचा माणूस डबे वाहायला लागायचा. महादू हावजी बच्चे या गृहस्थांनी १८९० मध्ये ही रीत घातली म्हणतात, आणि १९५६ मध्ये डबेवाल्यांच्या संघटनेचा रीतसर ट्रस्ट झाला. आप्पा त्यानंतरचे. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर लांबलचक लाकडी पाटी. तीत पस्तीस-चाळीस डबे, झाकणांवर रंगानं काढलेल्या खुणा. आप्पांना अक्षरं जेमतेम लागत, पण रंग आणि आकडे कधी चुकले नाहीत. त्यांच्या लाइनीत बहुतेक कचेऱ्या होत्या आणि एक शाळा. आमची.

त्या आवाराच्या एका अंगाला गिरणीची भिंत होती, दुसऱ्या अंगाला चर्च, मधे बदामाचं मोठं झाड आणि झाडाभोवती शाळा. शाळा म्हणजे खरं तर दोन शाळा. समोरच्या दगडी इमारतीत इंग्रजी माध्यम, मागच्या कौलारू लांबट चाळवजा बांधकामात आम्ही मराठीवाले. गणवेश एकच, पांढरा सदरा आणि निळी चड्डी, त्यामुळे लांबून सगळे सारखे. जवळ आलं की बुटांवरून कळायचं.

सकाळी गिरणीचा भोंगा आणि दुपारी चर्चची घंटा. आमचं बालपण या दोन आवाजांनी कापलेलं. भोंग्यानं माणसं पळायची, घंटेनं थांबायची. बाराच्या ठोक्याला चर्चची घंटा तीन-तीनच्या हप्त्यांनी वाजायला लागली की जो जिथं असेल तिथं उभा. खडू फळ्यावर टेकलेला तसाच. खराटा हातात घेतलेला शिपाईमामा झाडाखाली तसाच. मुख्याध्यापिका सिस्टर जिन्याच्या ज्या पायरीवर असतील त्या पायरीवर. ही आंजेलूसची प्रार्थना. देवदूतानं मरियेला निरोप सांगितला, त्याची आठवण दिवसातून तीनदा करायची, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. ख्रिस्ती पोरं ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायची. आम्ही बाकीचे, म्हणजे कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांची पोरं, वरळीचे दोघे-तिघे कोळी, एक मुसलमान शिंप्याचा मुलगा आणि मी, नुसते उभे राहायचो. आम्हाला कुणी काही म्हणायला लावलं नाही. पण हलायचंही नाही. सात वर्षांच्या पोराला एक मिनिट न हलता उभं राहणं किती अवघड असतं ते आठवून बघा. नाकावर माशी बसते, गुडघा खाजतो, पुढच्याच्या मानेवरचा तीळ हळूहळू मोठा होत जातो. आणि मग, रोज करता करता, तिसरी-चौथीच्या सुमाराला केव्हातरी, मला त्या मिनिटात गिरणी ऐकू यायला लागली. भिंतीपलीकडे मागांचा जो आवाज सकाळपासून चालूच असायचा, तो फक्त बारा वाजता ऐकू यायचा.

आमच्या वर्गाबाहेरच्या पडवीत एक छापील चित्र टांगलेलं होतं, काच तडकलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. शेतात एक बाप्या आणि एक बाई उभी. बाप्यानं टोपी काढून हातात धरलीय, बाईनं हात जुळवलेत, दोघांच्याही माना खाली. पायाशी टोपली, शेजारी जमिनीत रोवलेला काटा, मागं हातगाडीवर पोती. लांब क्षितिजावर देवळाचा बारीकसा कळस. मला ते चित्र इतकं आवडायचं की मी मधल्या सुटीत तिथं जाऊन उभा राहायचो. एकदा बाईंना विचारलं, यांचं काय मेलंय? बाई हसल्या. म्हणाल्या, "कुणी नाही रे. घंटा झालीय." फ्रान्सच्या मिये नावाच्या चित्रकारानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काढलेलं ते चित्र, पायाशी बटाटे आहेत, आणि वेळ दुपारची नसून संध्याकाळची आहे, हे सगळं पुढं कळलं. तेव्हा मात्र मी ठरवून टाकलं होतं की ही माणसं मुळशीची आहेत. टोपी तशीच काढायची, माती तशीच काळी, आणि खाली घातलेल्या मानेत तोच थकवा. बटाट्याच्या जागी मी रताळी धरून चाललो होतो.

बाई वसईच्या होत्या, नंदाखालकडच्या. पहाटे विरारची गाडी पकडून यायच्या. वर्गात त्यांचं मराठी इतकं नेटकं, की पुढं हायस्कुलात पेठेतल्या मास्तरांचं मराठी ऐकूनही मी दिपलो नाही. पण मधल्या सुटीत त्यांची बहीण भेटायला आली की दोघी अशा भाषेत बोलायच्या की आम्हाला निम्मंच कळायचं. ती त्यांची कादोडी, सामवेदी बोली. घरात एक बोली, शाळेत एक भाषा, आणि चर्चमध्येही मराठीच, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत उतरली होती. बाईंच्या मते ते फार उशिरा झालं. "आमच्याकडे तीनशे वर्षं आधीच पुराण लिहून ठेवलंय मराठीत," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं, ओव्यांमध्ये. आमच्या घरी आप्पांचे टाळकरी हरिपाठ म्हणायचे. ओवी आमचीच, असं मला वाटायचं. एका इंग्रजानं ती गोव्यात बसून लिहिली, हे ऐकून आप्पांनी एवढंच विचारलं, "चालीत बसते का?"

२०२० मध्ये वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि पाद्र्याला मराठीच्या खुर्चीवर कसं बसवता म्हणून काहींनी विरोध केला, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती बाईंच्या शुद्धलेखनाच्या तासाची. पहिल्या वेलांटीसाठी त्या पोराचं बोट धरून पाटीवर फिरवायच्या. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांच्या वेलांट्या त्या तासाला टिकल्या असत्या, असा एक खवचट विचार मनात आला. तो मी घालवूनही दिला नाही.

दर सोमवारी बाईंच्या पिशवीत सुकेळी असायची. राजेळी केळी उन्हात वाळवून, सोपटात घट्ट बांधलेली, मधासारखी. त्या ती पट्टीच्या कडेनं कापायच्या आणि तुकडे चाळीस पोरांत वाटायच्या. तुकडा नखाएवढा. पण वाटपाचा नेम असा, की ज्यानं वाटायला घेतलं त्यानं शेवटी घ्यायचं, आणि शेवटी उरलं नाही तर उरलं नाही. हा नियम त्यांनी फळ्यावर कधी लिहिला नाही. वाटणाऱ्याचे डोळे पहिल्या रांगेपासून तुकडे मोजत पुढं सरकायचे. मी वाटायला असताना दोनदा उरलं नव्हतं. एकदा बाईंनी स्वतःचा तुकडा दिला, एकदा नाही दिला. त्या दुसऱ्या वेळेची आठवण अजून जास्त गोड का आहे, ते मला सांगता येत नाही.

आठवड्यातून दोनदा वर्गाची फाळणी व्हायची. ख्रिस्ती पोरांना धर्मशिक्षण, बाकीच्यांना 'नीती'. पालकांच्या संमतीशिवाय कुणाही मुलाला धर्माच्या तासाला बसवता येत नाही, ही आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमातली तरतूद. ती आमच्यासाठी एका लाकडी पार्टिशनच्या रूपानं उभी होती. पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं. आमच्या बाजूला खरं बोलावं, नखं कापावी, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडायला मदत करावी. पलीकडून मात्र वादळं यायची, मासे यायचे, विकला गेलेला भाऊ, उधळ्या पोरगा, मेलेला माणूस उठून चालायला लागायचा. नीतीच्या तासाला अख्खी नीती पार्टिशनला कान लावून बसलेली असायची.

त्यात एक दिवस द्राक्षमळ्याची गोष्ट आली. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातली. मळेवाला पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, एक दीनार ठरवतो. मग नऊला जाऊन आणखी आणतो, बाराला आणतो, तीनला आणतो, आणि उन्हं कलल्यावर पाचला जातो तर तरीही काही माणसं उभीच. आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही, म्हणतात. त्यांनाही घेऊन येतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सगळ्यांना एकेक दीनार. पहाटे आलेल्यालाही एक आणि पाचला आलेल्यालाही एक. पलीकडे गलका झाला. ख्रिस्ती पोरांना ते अजिबात पटलं नव्हतं. त्यातला एक संगमनेरकडचा, ज्याचा बाप गिरणीत झाडूकाम करायचा, तावातावानं म्हणत होता की हा तर सरळ सरळ अन्याय, उद्या पहाटे कोण येईल? बाईंनी उत्तर दिलं नाही. "घरी विचारून या," म्हणाल्या.

मीही घरी विचारलं, मला सांगितलेलं नसताना. आप्पा ओसरीवर पाय चोळत बसले होते. त्यांच्या गटात वीस माणसं. कुणी पाटी उचलायचा, कुणी हातगाडी ओढायचा, कुणी नुसते स्टेशनवर डबे लावायचा. महिनाअखेरीला मुकादम हिशेब मांडायचा आणि पैसा सगळ्यांत सारखा वाटला जायचा. त्यातल्या एका म्हाताऱ्या गाववाल्याची कंबर गेलेली होती, तो फक्त सायकली राखायचा. त्यालाही तेवढाच. आप्पांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग चुकलं कुठं? पाचला आलेल्याला पोट नसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि सरळ पार्टिशनपलीकडे नेऊन उभं केलं. "सांग यांना." मी डबेवाल्यांचा हिशेब सांगितला, मुकादम सांगितला, सायकली राखणारा म्हातारा सांगितला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संगमनेरचा मुलगा बराच वेळ बोटं मोजत होता. शेवटी म्हणाला, "पण तुमच्यात मळेवाला कुठंय?" बाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे बघितलं, त्याला आज मी कौतुक म्हणेन. तेव्हा वाटलं होतं की मी चुकीचं उत्तर दिलंय.

ही शाळा म्हणजे काही स्वर्ग नव्हता. समोरच्या दगडी इमारतीत पंखे होते, पियानो होता. आमच्याकडे पावसात कौलं गळायची आणि आम्ही बाकं सरकवत बसायचो. वार्षिक समारंभात इंग्रजीवाले रंगमंचावर, आम्ही बहुतेक सतरंजीवर. दक्षिणेतून आलेल्या सिस्टरांची छडी दोन्ही इमारतींत सारखी लागायची, हे खरं, पण पंखा सारखा लागत नव्हता. त्या सिस्टरांचं मराठी मात्र ऐकण्यासारखं होतं. "तो मुलगी कुठे गेला?" असं विचारायच्या आणि आम्ही हसलो की स्वतःही हसायच्या. छडी ठेवून पहाटे आवार झाडायच्या त्याच. शिपाईमामा आजारी पडला की संडासही. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या असतील तर ते आम्हाला कळण्यासारख्या मराठीत नव्हतं.

आणि डबे. समोरच्या इमारतीतल्या पोरांचे डबे घरून गरम यायचे, डबेवाल्याकडून. आम्ही सकाळीच फडक्यात भाकरी बांधून आणायचो. म्हणजे असं की माझा बाप रोज बाराच्या सुमाराला माझ्याच शाळेच्या फाटकातून आत यायचा, दुसऱ्यांच्या पोरांचं जेवण डोक्यावर घेऊन.

त्यांना वेळेचा फार धाक. एक गाडी चुकली तर पुढच्या तीन कचेऱ्या उपाशी. पण कधी कधी ते फाटकातून शिरायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी वर्गाच्या दारातून बघत होतो. सगळं आवार थिजलेलं, सिस्टर पायरीवर, पोरं ओळीत, आणि बदामाच्या झाडाजवळ आप्पा, डोक्यावर चाळीस डब्यांची पाटी, मानेच्या शिरा टरारलेल्या, एक पाय पुढं टाकलेला तसाच. ते थांबले होते. कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यातली माळ घामानं चिकटलेली. पूर्ण मिनिटभर तो भार त्यांनी तसाच पेलला. रात्री मी विचारलं, तुम्ही का थांबलात? म्हणाले, "देवाचं चाललंय, मधनं कसं जायाचं?"

त्या वर्षी, म्हणजे तिसरीत, समोरच्या इमारतीतल्या एका मुलाशी माझी दोस्ती झाली. त्याच्याकडे परदेशी खोडरबर होतं, वासाचं. एके दिवशी आम्ही झाडाखाली उभे असताना आप्पा आले, पाटी उतरवली, त्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून हसले. तो म्हणाला, हा कोण रे, तुला ओळखतो?

मी म्हणालो, "डबेवाला आहे."

यात खोटं काय होतं? मी स्वतःला त्या दुपारी शंभरदा विचारलं. नखं कापणाऱ्या नीतीच्या तासाला तर हे सरळ खरं उत्तर होतं. आप्पांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते रिकामी पाटी उलटी धरून निघाले होते. पुढं पार्टिशनपलीकडून मला कळलं की अशी एक गोष्ट त्यांच्या पुस्तकात आधीपासूनच आहे, शेगडीभोवतीची माणसं, ओळखत नाही म्हणणारा चेला, कोंबडा, सगळ्यासकट. परळला कोंबडा नव्हता. पडवीत बाई उभ्या होत्या.

त्यांनी मला बोलावून घेतलं नाही. वर्गात बोधकथा सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, "आजपासून डबेवाल्यांना पाणी द्यायचं तू. बदामाखाली माठ ठेवलाय. तांब्या घासून घे." त्या फाटकातून तीन डबेवाले यायचे. दोघे तांब्यानं प्यायले. आप्पा शेवटी आले. त्यांनी तांब्या घेतला नाही, वाकले आणि ओंजळ पुढं केली, वारीत करतात तशी. मी ओतत राहिलो. त्यांच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं. वासाच्या खोडरबरवाला दोन पावलांवर उभा होता. "बास," आप्पा म्हणाले, मिशा पुसल्या, आणि जाताना माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून गेले. मी खोडरबरवाल्याला काही सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती.

ते काम पुढं पाळीवर गेलं. सिस्टरांनी दोन्ही इमारतींतल्या पोरांची नावं एकाखाली एक लिहून फाटकाजवळ कागद लावला. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत नीट चाललं. जूनमध्ये माठाला तडा गेला, नवा आला नाही, कागद पावसात विरघळला. असंच असतं. माझी पोरं शाळेत होती तेव्हा भिंतीवर मूल्यांची यादी रंगवलेली होती, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, अशी दहा, आणि पोरं ती पाढ्यासारखी धडाधड म्हणून दाखवायची. यादीत वाईट काहीच नव्हतं. मी फक्त बघत होतो की माठ कुठं ठेवलाय.

डिसेंबरात गोठा व्हायचा. येशूजन्माचा देखावा. मातीचा डोंगर, गवताचं छप्पर, गाय, गाढव, मेंढरं, आणि भोवती हिरवंगार शेत. ते शेत खरं उगवलेलं असायचं. पंधरा दिवस आधी डब्यांत, करवंट्यांत धान्य पेरायचं आणि नाताळपर्यंत वीतभर तरारलं की गोठ्याभोवती मांडायचं. आमच्याकडे घटाला पेरतात तसंच, म्हणून मला पद्धत माहीत होती. चौथीत आजीनं गावाहून पाठवलेली नाचणी मी मूठभर नेली. वरकसातली, लालसर, बारीक. बाईंनी ती सगळ्यांना हातात धरायला दिली. गहू आधी उगवला, पिवळट पडला. नाचणी उशिरा आली पण दाट आली, हिरवी, भाताच्या तरव्यासारखी. नाताळच्या आदल्या दिवशी बाळाभोवती मांडलेलं ते मुळशीचं वरकस बघायला आप्पा पाटी फाटकाशी ठेवून आत आले. टोपी काढली. बराच वेळ बघत राहिले. मग वाकून एका मेंढराला त्यांनी हळूच शेताबाहेर सरकवलं. "खाईल ना," म्हणाले.

बाई गेल्या, सिस्टर कुठं दूरच्या मठात गेल्या, गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद होत गेल्या आणि त्या भिंतीच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. आप्पा थकल्यावर गावी आले. चैत्रात यात्रेला मुंबईचे डबेवाले पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून गावोगाव येतात. शहर तेवढे दिवस बाहेरचं खातं. तशाच एका यात्रेत, आप्पांच्या शेवटच्या, देवळापुढं पंगत बसली होती. ऊन रणरणत होतं. मी भात वाढत चाललो होतो, आंबेमोहराची वाफ तोंडावर येत होती, आणि ओळीत आप्पांच्या पानापर्यंत आलो तेव्हा माझा हात मधेच थांबला. पळी हवेत. पलीकडचा कुणीतरी म्हणाला, काय झालं, वाढा की.

आप्पांना तेव्हा कमी ऐकू यायचं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग वर उन्हाकडे बघितलं.

"थांबा रं जरा," ते पंगतीला म्हणाले, "त्याचं बारा वाजलंय."

आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.